सरकारी दवाखान्याची इमारत कोणासाठी?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत केली. त्यांच्या वैद्यकीय कामाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मी वास्तुरचनाकार आहे, आणि माझ्या कामाचा बराचसा भाग जुन्या सरकारी दवाखान्यांची दुरुस्ती, वाढीव बांधकाम, गळती अशा कामांत गेला आहे, ज्यांचे लोकार्पण कधी होत नाही. व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी ‘सार्वजनिक आरोग्यसेवेचे भवितव्य’ हा विषय सुचवला, तेव्हा मी फक्त इमारतीविषयी बोलण्याची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली, याबद्दल त्यांचे आभार.

सरकारी दवाखान्याची चर्चा निघाली की डॉक्टर जागेवर नसतात, औषधे बाहेरून आणावी लागतात, सोनोग्राफीचे यंत्र बंद आहे, या तक्रारी पुढे येतात. त्या खऱ्या आहेत. इमारतीविषयी तक्रार झालीच तर ती एवढीच, की इमारत जुनी झाली, नवी बांधा. मग भूमिपूजन होते, इमारत उभी राहते, फीत कापली जाते. पण या इमारतीत रुग्ण लवकर बरा होईल का, बाळंतिणीला आडोसा मिळेल का, रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरला एका जागेवरून सगळ्या खाटा दिसतील का, हे या सगळ्या काळात कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की दवाखान्याची इमारत हा उपचाराचाच भाग असतो. ती रुग्णाला बरे व्हायला मदत करते, नाहीतर त्याला नवा आजार देते, आणि कधी कधी त्याचा जीव घेते. यातले काय होणार, हे बरेचसे नकाशावर सही होते त्याच दिवशी ठरून जाते.

जीव घेते, हे मी उगाच म्हणत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. दोन्ही वेळा चौकशी झाली, डॉक्टर आणि परिचारिकांवर कारवाई झाली, अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. जबाबदारी कोणाची किती, हे ठरवण्याचे माझे काम नाही. पण अशी बातमी वाचली की माझ्यासारख्या माणसाच्या मनात पहिल्यांदा त्या मजल्याचा नकाशा येतो. त्या कक्षाला दारे किती होती? धूर वर जमून बाहेर जायला वाट होती का? सिस्टरने दोन हातांत दोन बाळे घेतली, तर ती कोणत्या दिशेला आणि कुठपर्यंत जाणार होती?

आगीत माणसे बहुतेक वेळा धुराने मरतात. अतिदक्षता कक्षात तर ऑक्सिजन असतो, चोवीस तास चालणारी विजेची उपकरणे असतात, गाद्या, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि वर फॉल्स सीलिंग. खाटेवरचा माणूस उठून पळू शकत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला जिन्यावरून खाली नेणे जवळपास अशक्यच. म्हणून रुग्णालयाच्या रचनेत एक साधी युक्ती सांगितली जाते. मजल्याचे दोन भाग करणारी, आग थोपवून धरणारी भिंत बांधायची आणि तिच्यात खाट पार होईल एवढे रुंद, आपोआप मिटणारे दार ठेवायचे. एका भागात आग लागली की रुग्णाला खाटेसकट शेजारच्या भागात ढकलायचे, जिना उतरायचाच नाही. ही भिंत नकाशावर असताना घातली तर एकूण खर्चात तिचा भार जाणवतही नाही. इमारत झाल्यावर ती घालायची म्हणजे चालू वॉर्ड रिकामा करावा लागतो, आणि सरकारी दवाखान्यात वॉर्ड रिकामा करायला दुसरी जागा नसते. म्हणून ती कधीच घातली जात नाही.

विजेचेही तसेच. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वॉर्डात दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक सॉकेट एवढा भार धरून वायरिंग झालेले असते. त्याच वॉर्डात पुढे बाळांना ऊब देणारे वॉर्मर, मॉनिटर, सक्शन मशीन, एसी येतात. उपकरण खरेदीच्या प्रस्तावात उपकरणाची किंमत असते, ते जोडायच्या तारेची नसते. मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो.

नवजात बालकांच्या कक्षात आणखी थोडा वेळ थांबू या, कारण सार्वजनिक आरोग्याचे भवितव्य इथे जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठेच दिसत नाही. आपल्याकडचा असा कक्ष तुम्ही पाहिला असेल. काचेचे दार, चपला बाहेर, आत वॉर्मरच्या रांगा. बाळ आत असते आणि आई असते दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसूतीपश्चात वॉर्डात. दर दोन-तीन तासांनी ती पोटावरचे टाके सांभाळत, भिंतीला धरत, एका हातात गाउनचा घोळ घेऊन येते. बाहेरच्या बाकावर बसते, वाटीत दूध काढते. वाटी आत जाते. आई परत जाते. तिच्या बरोबरच्या मावशीला किंवा सासूला बाळ काचेतूनच दिसते.

२०२१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने चालवलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली रुग्णालये तीत होती. भारतातले होते दिल्लीचे सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोच्या आत वजनाची ३,२११ बाळे. एका गटातल्या बाळांना रिवाजाप्रमाणे वॉर्मरखाली ठेवून तब्येत स्थिरावल्यावर आईच्या छातीशी दिले. दुसऱ्या गटातल्या बाळांना जन्मल्यावर लगेचच आईच्या उघड्या छातीशी ठेवले आणि उपचार तिथेच सुरू ठेवले. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळे गेली, दुसऱ्या गटातली १२ टक्के. फायदा इतका उघड होता की देखरेख समितीने चाचणी वेळेआधीच थांबवायला लावली.

डॉक्टर मंडळींनी या निष्कर्षाकडे उपचारपद्धती म्हणून पाहिले, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात एक खाट दिसते. आईला चोवीस तास बाळाजवळ राहायचे असेल तर तिची खाट त्या कक्षातच हवी. खाट आली की शेजारी संडास-न्हाणी हवी, जेवायला जागा हवी, पडदा हवा, आणि बाळंतिणीला तपासणारी सिस्टर बाळाला पाहणाऱ्या सिस्टरबरोबर त्याच ठिकाणी हवी. म्हणजे प्रसूती विभाग एका मजल्यावर आणि बालरोग विभाग दुसऱ्यावर, ही वर्षानुवर्षांची मांडणीच मोडावी लागते. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने आई आणि बाळाच्या एकत्र कक्षाची कल्पना स्वीकारली आहे. पण कल्पना स्वीकारल्याने भिंती हलत नाहीत. आज ज्या माता-बाल रुग्णालयांचे नकाशे काढले जात आहेत, त्यांत ही खाट धरली नाही, तर पुढची चाळीस वर्षे आपल्या जिल्ह्यातल्या आया त्याच बाकावर बसून वाटीत दूध काढणार आहेत.

आता हवेविषयी. या बाबतीत मला सर्वांत जास्त तळमळ आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय हवेतून पसरतो. करोनाही हवेतून पसरला, आणि पुढची साथ आली तर तीही हवेतूनच येण्याची शक्यता मोठी आहे. तरीही आपल्या नव्या दवाखान्यांची छते खाली येत चालली आहेत आणि खिडक्या लहान होत चालल्या आहेत. २००७ साली पेरू देशातल्या लिमा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांमध्ये हवा तासाला किती वेळा पूर्ण बदलते, हे मोजले. दारे-खिडक्या सताड उघडल्या की सर्वसाधारण खोलीत हवा तासाला २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवण्याच्या खोल्यांसाठी १२ वेळा हे प्रमाण चांगले मानतात. खरी गोष्ट पुढे आहे. पन्नासहून अधिक वर्षे जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा ४० होता. नव्या काळात बांधलेल्या, यंत्राविना हवा खेळणाऱ्या खोल्यांत फक्त १७. क्षयाची लागण होण्याचा धोका कुठे किती, याचा त्यांनी हिशेब मांडला, तर सर्वांत सुरक्षित ठरल्या त्या जुन्याच इमारती.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचे ससून आले. १८६७ ची दगडी इमारत. जाड भिंती, कमानींचे व्हरांडे, उंच छत, छताखाली झरोके. मुंबईचे केईएम १९२६ चे. त्या पिढीच्या रुग्णालयांना यंत्रे उपलब्ध नव्हती, म्हणून हवा इमारतीनेच खेळवावी लागे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली रुग्णालयांवर पुस्तक लिहिले आणि वॉर्डाची एक मांडणी रूढ केली. लांबट अरुंद दालन, दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या, दोन खिडक्यांच्या मध्ये एक खाट, आणि टोकाला सिस्टरची जागा, जिथून सगळे रुग्ण एका नजरेत दिसतात. रोग दुर्गंधाने पसरतो अशी तिची समजूत होती. जंतूंचे शास्त्र अजून रुजायचे होते. कारण तिने चुकीचे धरले होते, पण खिडकी बरोबर जागी ठेवली होती. त्या मांडणीत रुग्णाला आडोसा अजिबात नव्हता, म्हणून ती जशीच्या तशी परत आणा असे मी म्हणणार नाही. समोरासमोरच्या खिडक्या मात्र परत आणाव्यात.

एका ग्रामीण रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात गळतीच्या कामासाठी गेलो होतो. एप्रिलची दुपार. छताखालचे झरोके प्लायवूड ठोकून बंद केलेले, कारण मध्यंतरी कुठल्याशा निधीतून एसी बसवले होते. एसी बंद पडून दोन उन्हाळे झाले होते. प्लायवूड तसेच. जुन्या लाकडी खिडक्या काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या होत्या. सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. एक तावदान दुसऱ्यावर जाऊन बसते. बाहेरून डासांची जाळी, आणि तिच्या भोकांत धुळीचा थर. बोट लावले तर बोटाएवढीच जागा मोकळी झाली. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा खोकत होता. त्याच्या थुंकीचा अहवाल यायचा होता. शेजारच्या खाटेवर साप चावलेला मुलगा, पलीकडे मधुमेहाने पाय चिघळलेले एक गृहस्थ. त्या खोलीतल्या सात-आठ माणसांना दिवसभर एकच हवा पुरवून पुरवून वापरावी लागत होती. झरोक्यांचे प्लायवूड काढायला सुताराला अर्धा दिवस लागला. त्यासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक करावे लागले नाही. कोणीतरी ते काढायचे आहे असे म्हणावे लागले, एवढेच.

हे प्रश्न समजून घेऊन नव्याने रुग्णालय बांधता येते, याचा दाखला रवांडात आहे. २००६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी इथे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा उद्रेक जगापुढे आला. एचआयव्हीच्या उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना दवाखान्यातच क्षयाची लागण होत होती. त्यानंतर रवांडातल्या बुतारो इथे डॉ. पॉल फार्मर यांच्या संस्थेसाठी मास डिझाइन ग्रुप या वास्तुरचनाकारांच्या गटाने जिल्हा रुग्णालय उभारले. ते २०११ मध्ये सुरू झाले. त्यांनी आतले बोळ काढूनच टाकले. येण्याजाण्याची आणि थांबण्याची जागा बाहेर, व्हरांड्यात ठेवली. उंच छताखाली मोठ्या व्यासाचे संथ पंखे लावले, म्हणजे हवा वर उचलली जाऊन वरच्या खिडक्यांतून निघून जाते. खाटांची डोकी वॉर्डाच्या मधोमध असलेल्या बुटक्या भिंतीकडे ठेवली, म्हणून प्रत्येक रुग्णाचे तोंड खिडकीकडे, बाहेरच्या डोंगरांकडे. भिंतींना परिसरातला ज्वालामुखीचा दगड, घडवला गावच्या पाथरवटांनी. सह्याद्रीच्या माणसाला यात परके काय आहे? दगड आपल्याकडे आहे, पाथरवट आहेत, व्हरांडा तर आपल्या शाळा-कचेऱ्यांना कालपरवापर्यंत असायचाच.

खिडकीतून काय दिसते, यालाही अर्थ आहे. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे आधी घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण दवाखान्याच्या आवारातले झाड पार्किंगसाठी तोडायचा प्रस्ताव आला, तर तो आठवावा.

उन्हाचे थोडक्यात सांगतो. विदर्भातल्या श्रोत्यांना मे महिन्यातला वरचा मजला समजावून सांगायची गरज नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. तिथल्या शारदाबेन या महापालिका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या स्लॅबखाली. पुढे तो खालच्या मजल्यावर हलवला. उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता कक्षात येणारी नवजात बाळे त्यामुळे निम्म्याहून कमी झाली, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. यंत्र नाही, औषध नाही, फक्त मजला बदलला. आपल्या जिल्ह्यांत प्रसूती विभाग कितव्या मजल्यावर आहेत, आणि वरच्या स्लॅबवर निदान चुन्याचा पांढरा हात तरी मारला आहे का, एवढे पाहायला कोणाची मंजुरी लागते?

आता नातेवाईक. आपल्या सरकारी दवाखान्यात रुग्ण एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको येते, भाऊ येतो, कधी लहान मूल येते, आणि भाकरीचे गाठोडे येते. रुग्णाला संडासला नेणे, औषध आणणे, रक्ताची बाटली घेऊन रक्तपेढीतून धावत येणे, रात्रभर सलाइनकडे पाहत बसणे, ही सगळी कामे हा माणूस करतो. तो नसेल तर आपली सार्वजनिक रुग्णालये एक दिवससुद्धा चालणार नाहीत. पण नकाशात तो कुठेच नसतो. खाटेखाली चादर टाकून झोपतो आणि सकाळी राउंडच्या वेळी त्याला हाकलले जाते.

या माणसाचा विचार महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आजारी माणसाला खाट मिळाली तरी त्याच्या माणसाला टेकायला जागा लागते, हे ज्यांना कळले ते वास्तुरचनाकार नव्हते.

आणि गडचिरोलीचे उदाहरण तर जगाने अभ्यासावे असे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींसाठी दवाखाना बांधायचा ठरवले, तेव्हा त्यांनी आधी लोकांना विचारले की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोकांनी कारणे सांगितली. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्यात पांढरे कापड मेलेल्यावर घालतात. रुग्णाला वॉर्डात घेता आणि आमच्या माणसांना बाहेर काढता. शिवाय तुमच्या दवाखान्यात देव कोणता? या उत्तरांवरून त्यांच्या शोधग्राम परिसरातला दवाखाना उभा राहिला. एक मोठी इमारत न बांधता गोंड गावासारख्या झोपड्या बांधल्या. रुग्णाबरोबर त्याचे कुटुंब राहते. दवाखान्याला नाव दंतेश्वरी मातेचे. यात विज्ञानाशी कुठेही तडजोड झाली नाही. शस्त्रक्रियागृह आहे, प्रयोगशाळा आहे. माझ्या व्यवसायातल्या तरुणांना मी नेहमी सांगतो की भारतातल्या आरोग्य-वास्तुकलेचा सर्वांत महत्त्वाचा धडा एका डॉक्टर दांपत्याने दिला आहे, आणि तो पेन्सिल हातात घेण्यापूर्वी विचारलेल्या एका प्रश्नाचा आहे.

आपले सरकारी नकाशे याच्या बरोबर उलट निघतात. मुंबईत किंवा नागपुरात एक नमुना नकाशा तयार होतो आणि तोच सगळीकडे बांधला जातो. केंद्राच्या मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. म्हणजे लोकसंख्येच्या बाबतीत डोंगर वेगळा धरला आहे, इमारतीच्या बाबतीत धरलेला नाही. कोकणातही सपाट स्लॅब, चंद्रपुरातही सपाट स्लॅब. कोकणात तो तिसऱ्या पावसाळ्यात गळू लागतो, मग त्यावर पत्र्याची शेड चढते. ज्या मुलुखात घराला उतरते छप्पर आणि रुंद पडवी असते, तिथल्या आरोग्य केंद्राला ती का असू नये? मानकांत खोल्यांची यादी आणि चौरस मीटर असतात, ते आवश्यकच आहे. पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, हे मात्र त्या गावातच कळते.

दवाखाना कधी पूर्ण होत नाही, हेही समजून घ्यायला हवे. आज तीस खाटा, उद्या पन्नास. आज डायलिसिस नाही, उद्या येईल. टेलिमेडिसिनसाठी आणि मनाच्या आजारांवर बोलण्यासाठी दार लावता येईल अशी खोली लागेल. म्हातारी माणसे वाढणार, त्यांना बसता-उठता येईल असा संडास, भिंतीला आधाराचा दांडा आणि खरोखर चढता येईल असा रॅम्प लागेल. लंडनमध्ये १९७० साली सुरू झालेल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाचा आराखडा करताना जॉन वीक्स यांनी हीच अडचण धरून विचार केला. वैद्यकशास्त्र कुठे जाईल हे आपल्याला कळत नाही, म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या मधून एक लांब रस्ता काढला, त्याला विभाग जोडले आणि त्यांची टोके पुढे वाढवता येतील अशी मोकळी ठेवली. आपल्याकडे वाढ होते ती जागा सापडेल तिथे. व्हरांडा बंद करून औषधभांडार, जिन्याखाली नोंदी, दोन इमारतींमधल्या मोकळ्या चौकात पत्र्याची शेड. चौक भरला की दोन्ही इमारतींची हवा बंद. मग एसीची मागणी. पहिल्याच नकाशावर वाढीची दिशा काढलेली असेल आणि चौक बांधायचा नाही असे लिहिलेले असेल, तर हे टळते.

भूकंप आणि पुराविषयी एकेक वाक्य. २६ जानेवारी २००१ ला भुजचे सरकारी रुग्णालय रुग्णांसकट कोसळले, आणि त्यानंतर तिथे उभारलेले नवे रुग्णालय पायात धक्का शोषणारे बेअरिंग घालून बांधले. ज्या गावात नदी दर काही वर्षांनी बाजारपेठेत शिरते तिथे निदान जनरेटर आणि ऑक्सिजनची यंत्रणा तरी तळमजल्यावर ठेवू नये, एवढी अपेक्षा मोठी नाही.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. बांधकामाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे नकाशा करतानाच सरकारी दवाखान्याची देखभाल कमीत कमी लागेल असे पाहणे हे वास्तुरचनाकाराचे कर्तव्य ठरते. दर्शनी भागाला काच लावली की ती पुसायला शिडी आणि माणूस लागतो, तो नसतो. फॉल्स सीलिंगच्या वर पाइप गळला तर तो कुठे गळतो हे छत कुजेपर्यंत दिसत नाही. शहाबादी किंवा कोटा फरशी, भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत धुता येईल असा लेप, भिंतीवरून उघडे नेलेले पाइप, तालुक्याच्या बाजारात मिळेल असाच नळ आणि अशीच कडी. लोकार्पणाच्या छायाचित्रात हे शोभून दिसत नसेल. पण सफाईच्या मावशींना ते पुसता येते आणि गावच्या प्लंबरला दुरुस्त करता येते. नकाशा मंजूर करण्याआधी त्या मावशींना, रात्रपाळीच्या सिस्टरला आणि वॉर्डबॉयला एक दिवस समोर बसवून तो दाखवला पाहिजे, असा नियमच व्हावा असे माझे मत आहे. मी जिथे जिथे हे करू शकलो, तिथे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दाराची दिशा, बेसिनची जागा आणि घाणीच्या बादल्या नेण्याची वाट बदलायला लावली. तिन्ही बाबतींत त्यांचेच बरोबर होते.

श्रोतेहो, हे सगळे सरकारने करावे, असे म्हणून मी थांबणार नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयाला, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात, गावातली माणसे असतात, आणि तिच्याकडे लहानसहान कामांसाठी थोडा निधीही असतो. तुमच्यापैकी काहीजण अशा समितीवर असाल; बहुतेकांना तिची बैठक कधी होते हे ठाऊक नसेल. ते विचारून घ्या. तुमच्या तालुक्यात नव्या दवाखान्याचे काम मंजूर झाले असेल, तर भूमिपूजनाच्या आधी नकाशा दाखवा असे लेखी मागा. तो वाचायला वास्तुरचनाकार लागत नाही. खिडक्या समोरासमोर आहेत का, आईची खाट बाळाजवळ आहे का, नातेवाइकांना टेकायला छप्पर आहे का, आणि आग लागली तर खाट कुठे ढकलायची, एवढे बोट ठेवून विचारा. उत्तर मिळाले नाही तर मला बोलवा, मी येईन.